‘छोले’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं?

ताई, नमस्कार. मी नागपुरात जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. गाव गोंदिया जिल्ह्यात, बारावी आर्ट्स, माध्यम मराठी. मागच्या महिन्यात सर्जरीच्या वॉर्डात सकाळच्या ओव्हरला (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्यांना देतात तेव्हा) मला एका पेशंटचं डायग्नोसिस मोठ्यानं वाचायला लावलं. फाइलवर कोलेडोकोलिथायसिस लिहिलं होतं. मी ‘चोलेडोचोलिथिॲसिस’ असं वाचलं. सगळे हसले, इनचार्ज सिस्टरसुद्धा. तेव्हापासून माझं नाव ‘छोले-भटुरे’ पडलं. आता मी ओव्हरला मागं उभी राहते. पुस्तकात प्रत्येक मोठ्या शब्दावर पेन्सिलनं मराठीत उच्चार लिहून ठेवते, पण रूममेटला दिसू नये म्हणून पुस्तक लपवते. प्रॅक्टिकल जवळ आलं आहे, बाहेरचे एक्झामिनर असतील. एवढाले शब्द पाठ कसे करायचे? की माझ्यासारखीनं इकडे यायलाच नको होतं?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

पोरी,

शेवटचा प्रश्न आधी घेते, म्हणजे तो बाजूला होईल. यायला हवं होतं, आणि तू आलीस हे चांगलं झालं. नागपूरच्या दवाखान्यांत गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडून येणारी माणसं काही कमी नाहीत, आणि ‘मायबाई, पोटात कसं होऊन राहिलं’ हे त्यांच्या बोलीत विचारणारी सिस्टर भेटली की त्यांचा अर्धा जीव खाली पडतो. यावर आणखी शाई घालवत नाही. शब्दांचं बघू.

तू काय केलंस? सी-एच दिसलं, ‘च’ म्हणालीस. चेअर, चाइल्ड, चेक, झालंच तर तुमच्या वॉर्डातलंच चेस्ट. शाळेपासून डोळ्यांना हीच सवय आहे. म्हणजे तू वाट्टेल ते वाचलं नाहीस, इंग्रजीच्या नियमानं वाचलंस. पण शब्द ग्रीक होता. वैद्यकातले असे लांबलचक शब्द बहुतेक ग्रीक तुकडे जोडून केलेले असतात. ग्रीक लिपीत एक अक्षर आहे, त्याचा जुना उच्चार आपल्या ‘ख’च्या जवळ जाणारा. रोमनांच्या लिपीत ‘ख’ नव्हता, म्हणून त्यांनी ‘क’च्या अक्षराला ‘ह’चं अक्षर जोडून वेळ भागवली. तेच हे सी-एच. पी-एच आणि टी-एच हे त्याच तऱ्हेनं केलेले ‘फ’ आणि ‘थ’. पुढं इंग्रजांच्या तोंडी त्या ‘ख’चा नुसता ‘क’ राहिला. आपण मात्र ‘ख्रिस्त’ लिहितो तेव्हा तो जुना ‘ख’ अजून दिसतो.

आणि हा सी-एचचा ‘क’ तुला येत नाही असं कोण म्हणतं? कॉलरा, कोलेस्टेरॉल, क्रॉनिक, केमिस्ट, सायकियाट्री, इतकंच काय स्टमक, या सगळ्यांत सी-एच आहे. ‘स्टमच दुखतंय’ असं तू आजवर एकदा तरी म्हणालीस का? कोलेस्टेरॉल तर तुझ्या त्या पेशंटचाच सोयरा. ‘कोले’ म्हणजे पित्त आणि ‘स्टिरिऑस’ म्हणजे घट्ट. अठराव्या शतकात हा पदार्थ पहिल्यांदा हाती लागला तोच मुळी पित्ताच्या खड्यांतून. तेव्हा फाइलवर सी-एचच्या ‘कोले’नं सुरू होणारं काही दिसलं की गोष्ट बहुधा पित्ताची आहे एवढं धर.

एक अपवाद आताच सांगते, कारण तो नेमका याच पेशंटच्या बाबतीत कानावर येईल. नळीत खडा अडकला आणि वर इन्फेक्शन चढलं की ताप, कावीळ आणि पोटात उजवीकडे वरच्या बाजूला दुखणं अशी तीन लक्षणं एकत्र दिसू शकतात. राउंडला सर त्याला ‘शार्कोज ट्रायड’ म्हणतील. लिहिताना तिथंही सी-एचच, पण उच्चार ‘श’, कारण ज्याँ-मार्तँ शार्को हे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर होते. माणसाच्या नावाला नियम लावायचा नाही, विचारून घ्यायचं.

आता मूळ शब्द समोर घेऊ. त्याचे तुकडे दोन तऱ्हांनी पडतात. एक अर्थासाठी, एक जिभेसाठी. बहुतेक मुलींचा घोळ इथंच होतो. त्या एकदाच तुकडे पाडतात आणि त्यावरच अर्थही लावतात, उच्चारही करतात, आणि मग दोन्हीकडे अडकतात.

अर्थाचे तुकडे चार: कोले, डोको, लिथ, आयसिस. कोले पित्त, हे झालं. डोको म्हणजे सामावून घेणारं, म्हणून कोलेडोको ही पित्त वाहून नेणारी नळी. लिथ म्हणजे दगड, खडा. आयसिस म्हणजे ते झालं असल्याची अवस्था, तो आजार. हा शेवटचा तुकडा तुझ्या ओळखीचा आहे. सोरायसिसमध्ये आहे, आणि तुमच्या पूर्व विदर्भात हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघर खाऊ घालतात त्या फायलेरियासिसमध्येही आहे.

आता दहावीचं व्याकरण आठव. तत्पुरुष समासात शेवटचं पद मुख्य असतं. राजवाडा हा राजा नसतो, वाडा असतो. वैद्यकाचे हे शब्दही पुष्कळदा तसेच चालतात, म्हणून ते शेवटून वाचायचे. आधी शेपूट बघ: आजार आहे, सूज आहे, तपासणी आहे की ऑपरेशन? मग मागं ये: कशाचं? कुठलं? कोलेडोकोलिथायसिसचा विग्रह ‘पित्तनळीत खडे होण्याचा आजार’. इंग्रजी माध्यमातून आलेल्या तुझ्या कितीतरी मैत्रिणींना हा विग्रह चटकन जमत नाही, कारण त्यांनी समास फारसे सोडवलेले नसतात. तुझ्याकडे ही विद्या आधीच आहे, वापर ती.

मग बाकीचं कुटुंब आपोआप ओळखू येतं. कोलेसिस्ट म्हणजे पित्ताची पिशवी. तिला सूज आली की कोलेसिस्टायटिस, ती कापून बाहेर काढली की कोलेसिस्टेक्टमी. पिशवीत खडे असतील तर कोलेलिथायसिस. हा शब्द आणि तुला वाचायला लावलेला शब्द यांत फरक केवळ ‘डोको’चा. पण त्या दोन अक्षरांनी पेशंटचा सगळा बेत बदलू शकतो. पिशवीतला खडा वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहू शकतो. नळीतला अडकला की पित्त तुंबतं, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, आणि पुष्कळ वेळा पिशवीच्या ऑपरेशनआधी ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, तो खडा काढावा लागतो. म्हणून ओव्हरला ‘डोको’ गिळायचं नाही. बाकी ‘थाय’ म्हणालीस की ‘थिया’, त्यानं पेशंटचं काही बिघडत नाही.

मधल्या ‘ओ’चंही सांगून टाकते. गॅस्ट्रायटिसमध्ये तो नाही, गॅस्ट्रोस्कोपीत आहे. पुढचा तुकडा स्वरानं सुरू होत असेल तर ‘ओ’ सहसा गळतो, व्यंजनानं सुरू होत असेल तर राहतो. दोन अवयव एकमेकांना जोडायचे असतील तर मात्र पुढं स्वर असला तरी राहतो, जसं गॅस्ट्रोएन्टरायटिस. पावसाळ्यात आपल्याकडे ज्याला नुसतं ‘गॅस्ट्रो झाला’ म्हणतात, तो हाच. संधीचे नियम पाठ केलेल्या मुलीला यात अवघड काय?

आता जिभेचे तुकडे. को-ले-डो-को-लि-था-य-सिस. देवनागरीत लिहिताना अक्षरं नऊ, बोलताना आठ, कारण शेवटचा ‘स’ आधीच्या ‘सि’ला चिकटतो. इथं ‘लिथ’ हा अर्थाचा तुकडा मधोमध फुटला बघ. ‘लि’ इकडे, ‘थ’ तिकडे. फुटू दे. हेलिकॉप्टर हा शब्दही मुळात हेलिको म्हणजे गरगर वळणारं आणि प्टेरॉन म्हणजे पंख असा आहे, पण सगळं जग हेलि-कॉप्टर असंच तोडतं आणि कुणाचं विमान त्यामुळे पडलेलं नाही. कोलेसिस्टेक्टमीतही अर्थ सिस्ट आणि एक्टमी असा तुटतो, जीभ मात्र सिस्-टेक्-ट-मी अशी जाते.

जिभेसाठी सरावही शेवटूनच कर. आधी ‘सिस’. मग ‘यसिस’. मग ‘थायसिस’, ‘लिथायसिस’, ‘कोलिथायसिस’, ‘डोकोलिथायसिस’, ‘लेडोकोलिथायसिस’ आणि शेवटी पूर्ण. सुरुवातीपासून पाठ केलं की पहिले दोन तुकडे गुळगुळीत होतात आणि पुढं गेलं की धाप लागते. शेवटून बांधलं की तू नवीन भागाकडून ओळखीच्या भागाकडे जातेस, त्यामुळे शेपूट कधी अडत नाही. रात्री मेसमधून खोलीवर येता येता पुटपुटलीस तरी पुरे.

याचा आणखी एक फायदा आहे. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनानं बोलतो. इंग्रजी बोलणारा एका तुकड्यावर जोर देतो, आणि या लांब शब्दांत तो जोर बहुधा शेपटीजवळ असतो. स्कोपी, एक्टमी, ग्राफी, लॉजी असा शेवट असेल तर शेवटून तिसऱ्या तुकड्यावर: गॅस्-ट्रॉस्-क-पी, सिस्-टेक्-ट-मी. आयसिसलाही तसंच, ‘था’वर. आयटिस आणि ओमा असेल तर शेवटून दुसऱ्यावर: अपेंडि-साय-टिस, कार्सि-नो-मा. नुसतं ‘गॅस्ट्रो’ म्हणताना जो ‘ट्रो’ असतो तो स्कोपी लागल्यावर ‘ट्रॉ’ का होतो, हे यावरून कळेल. जोर तिकडे सरकला. सरांचं बोलणं ऐकताना शब्द ओळखू येत नाहीत त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

न बोलणारी अक्षरं हा आणखी एक छळ. न्यूमोनियातला पी, सोरायसिसमधला पी, पापणी खाली येते त्या टोसिसमधला पी, सगळे शब्दाच्या तोंडाशी आणि सगळे गप्प. पण तोच पी मध्ये आला की बोलतो: ॲप्निया, हिमॉप्टिसिस. इंग्रजी जिभेला ‘प्न’नं शब्द सुरू करता येत नाही, आधी स्वर मिळाला की जमतं. आपल्याला ‘स्वप्न’ म्हणायला काही वाटत नाही, म्हणून आपल्या मुली ‘प्न्यूमोनिया’सुद्धा आरामात म्हणून जातात. यात जिभेचं उणं काहीच नाही, उलट आहे.

पेन्सिलचं काय विचारलंस? लपवू नकोस. इंग्रजी डिक्शनरीतल्या उच्चाराच्या खुणा वाचायला वेगळं शिकावं लागतं. देवनागरीत ‘कोलेडोको’ लिहिलं की पहिल्या दिवसापासून वाचता येतं. फक्त दोन गोष्टी कर. ज्या तुकड्यावर जोर त्याखाली रेघ मार, कारण देवनागरी जोर दाखवत नाही. आणि काही दिवसांनी पेन्सिल खोडून मूळ स्पेलिंगवरून वाचून बघ, कारण फाइलवर देवनागरी नसणार. मोबाइलवर उच्चार ऐकायचे असतील तर ऐक, पण तिथं अमेरिकन आणि ब्रिटिश असे दोन मिळतील. सर्व्हायकल कुणी सर्-व्हाय-कल म्हणतं, कुणी सर्-व्हि-कल. ड्युओडीनमचेही दोन उच्चार चालतात. आपल्याकडच्या सरांचा तिसराच असतो. त्यावर वाद घालू नकोस.

खरी भीती कशाची बाळगायची ते आता सांगते, कारण ‘चोले’वर हसणाऱ्या वॉर्डात याकडे दुर्लक्ष होताना मी पाहिलं आहे. हायपो आणि हायपर. घाईत, पंख्याच्या आवाजात, फोनवर हे दोन्ही सारखेच ऐकू येतात आणि अर्थ एकदम उलटे. हायपोग्लायसेमियाला साखर द्यायची, हायपरला इन्सुलिनचा विचार. म्हणून शब्दावर थांबायचंच नाही. ‘शुगर लो आहे, चौपन्न, पाच-चार’ असं आकडा फोडून सांगायचं आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यायचं. तसंच ऑस्टमी आणि एक्टमी. नेफ्रॉस्टमी म्हणजे किडनीत नळी घालून लघवीला वाट करून देणं, नेफ्रेक्टमी म्हणजे किडनीच काढून टाकणं. पोटातलं लहान आतडं इलियम आणि कमरेचं हाड इलियम, बोलताना एकच, लिहिताना एका अक्षराचा फरक. औषधांत डोपामिन आणि डोब्युटामिन. हे शब्द तोंडात पुटपुटणारी सिस्टर कितीही फाड फाड इंग्रजी बोलत असली तरी तिच्या ओव्हरची मला धास्ती वाटते. तू चुकीचं वाचलंस, पण मोठ्यानं आणि पूर्ण वाचलंस, म्हणून तिथल्या तिथं कळलं.

बरं, हसणाऱ्यांचं काय करायचं? एक गोष्ट लक्षात आली का, त्या वॉर्डात हा पूर्ण शब्द एरवी कुणी म्हणतच नाही. सगळे ‘सीबीडी स्टोन’ म्हणतात, सीबीडी म्हणजे मुख्य पित्तनळी. दुर्बिणीनं पिशवी काढण्याच्या ऑपरेशनलाही ‘लॅप कोली’. हसणाऱ्यांपैकी कितीजणींना तो न अडखळता वाचता आला असता, देव जाणे. कुणाला वाचून दाखव म्हणून कोंडीत पकडू नकोस, भांडण वाढेल. पुढच्या वेळी असा पेशंट आला की स्वतःहून पुढं हो आणि ‘सीबीडी स्टोन, कोलेडोकोलिथायसिस’ असं स्पष्ट म्हण. छोटं नाव आधी, मोठं मागून. मैत्रिणींनी खोलीवर ‘छोले’ म्हटलं तर म्हणू दे, पाहिजे तर बर्डीच्या बाजारात नेऊन खाऊ घाला म्हणावं. पण पेशंटसमोर कुणी त्या नावानं हाक मारत असेल तर ते चालवून घेऊ नकोस. ज्या पोरीच्या हातानं सलाइन लागणार तिची टिंगल पेशंटनं ऐकली तर तो हात पुढं करताना विचार करतो. इनचार्जना एकटीनं गाठ आणि नीट सांग: ‘सिस्टर, चुकलं तर तिथंच सांगा, मी दुरुस्त करते, पण पेशंटसमोर नाव नको.’ नाहीच ऐकलं तर ट्यूटरच्या कानावर घाल. तेवढा हक्क तुझा आहे.

एक्झामिनरसमोर अडलीस तर घाईनं शब्द गिळू नकोस. थांब, श्वास घे, तुकड्यातुकड्यानं म्हण. ‘सर, पित्तनळीतले खडे, कोले-डोको-लिथायसिस’ असं म्हणालीस तर तुला अर्थ येतो हे त्यांना कळेल. ट्यूटर म्हणून मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसले आहे. सफाईदार उच्चार करून ‘म्हणजे काय?’ला गप्प राहणारी मुलगी मला जास्त खटकायची.

नातेवाइकांपुढं मात्र यातलं काही नको. डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं आहे ते आधी बघून घे, आणि मग ‘पित्ताच्या नळीत खडा अडकलाय, म्हणून डोळे पिवळे झालेत’ एवढंच, त्यांच्या बोलीत. ते ‘पानी’ म्हणत असतील तर तूही ‘पानी’च म्हण.

आता घरचा अभ्यास देते. ईआरसीपीमधल्या सी आणि पीचं पूर्ण रूप कोलँजिओपँक्रिॲटोग्राफी. अँजिओप्लास्टीमुळे अँजिओ म्हणजे वाहिनी हे तुला ठाऊक आहे, कोले आता कळलं, पँक्रिआस म्हणजे स्वादुपिंड. जिभेचे तुकडे दहा पडतात. जोर कुठं, तो शोध. आणि दुसरा शब्द मुद्दाम आपल्या विदर्भातला म्हणून देते. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या एखाद्या वयानं मोठ्या पेशंटच्या फाइलवर ‘ऑटोस्प्लिनेक्टमी’ लिहिलेलं कधीतरी दिसेल. ऑटो म्हणजे आपलं आपण, स्प्लीन म्हणजे प्लीहा, एक्टमी वर सांगितलंच. विग्रह करून झाला की त्या पेशंटच्या पोटावर टाक्यांची खूण शोध. त्या ऑपरेशनची खूण मिळणार नाही. का मिळणार नाही ते ट्यूटरना विचार, आणि त्यांनी काय सांगितलं ते मला लिहून कळव.